किर्स्टी कॉव्हेंट्रीचं मेरिट आणि चितुंगविझाचा कोरडा तलाव

२० मार्च २०२५. महाडहून परतीच्या एसटीत बसलो होतो. पॅन्ट घोट्यापर्यंत ओली होती, कारण चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर नेहमीसारखी झुंबड होती आणि एका आजीला हात देऊन खाली उतरवताना मीही भिजलो होतो. माणगावच्या पुढे मोबाइलला रेंज आली आणि एकामागून एक मेसेज पडू लागले. त्यात एक बातमी होती. ग्रीसमध्ये भरलेल्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने किर्स्टी कॉव्हेंट्री या झिम्बाब्वेच्या माजी जलतरणपटूला अध्यक्ष निवडलं. ९७ पैकी ४९ मतं आणि पहिल्याच फेरीत निकाल. या पदावरची पहिली स्त्री आणि पहिली आफ्रिकी व्यक्ती.

सकाळी उठलो तर कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर तिचा फोटो फिरत होता. खाली मजकूर असा की, एवढासा गरीब देश, सोयी नाहीत, पैसा नाही, तरी ही मुलगी ऑलिंपिकची सात पदकं घेऊन जगाच्या डोक्यावर जाऊन बसली, कारण खेळात कोटा नसतो, तिथे फक्त मेरिट चालतं. त्यावर अंगठे आणि टाळ्यांचा पाऊस. तासाभराने आपल्या चळवळीतल्या ग्रुपवर एका सहकाऱ्याने तोच फोटो टाकला. त्याचं म्हणणं, ही गोरी बाई, वसाहतवाल्यांची लेक, पोहणं हे श्रीमंतांचं खूळ, आपला काय संबंध?

मित्रांनो, मला दोघांशीही भांडायचं आहे. पहिल्याशी जास्त, पण दुसऱ्याशीही.

आधी बाईचं श्रेय बाईच्या पदरात टाकू. किर्स्टीचा जन्म १६ सप्टेंबर १९८३ चा, हरारेचा. शिक्षण तिथल्याच डॉमिनिकन कॉन्व्हेंटमध्ये. २००० च्या सिडनी ऑलिंपिकला ती जेमतेम सतरा वर्षांची शाळकरी मुलगी होती आणि ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पोचलेली झिम्बाब्वेची पहिली जलतरणपटू ठरली. पुढे अमेरिकेत अलाबामातल्या ऑबर्न विद्यापीठाच्या संघातून पोहली. २००४ ला अथेन्समध्ये २०० मीटर बॅकस्ट्रोकचं सुवर्ण, १०० मीटर बॅकस्ट्रोकचं रौप्य आणि २०० मीटर मेडलीचं कांस्य. २००८ ला बीजिंगमध्ये तीन रौप्यपदकं झाली, लोक म्हणू लागले की आता ही दुसरीच येत राहणार, आणि शेवटी १६ ऑगस्टला २०० मीटर बॅकस्ट्रोकमध्ये २ मिनिटं ५.२४ सेकंदांचा जागतिक विक्रम करून सलग दुसरं सुवर्ण. त्याच वर्षाच्या सुरुवातीला तिने हंगेरीच्या क्रिस्टिना एगरसेगीचा १९९१ पासूनचा विक्रम मोडला होता. सोळा वर्षं तो कुणाला हात लावू देत नव्हता. लंडन आणि रिओत ती अंतिम फेरीपर्यंत गेली, पदक नाही मिळालं, २०१६ नंतर थांबली. पहाटे उठून वर्षानुवर्षं गार पाण्यात उतरणारं शरीर तिचं होतं. ते नाकारणारा मी कोण?

पण आता जरा हिशेब करू.

झिम्बाब्वे १९८० साली स्वतंत्र झाला. तेव्हापासून २०२४ च्या पॅरिसपर्यंत त्या देशाच्या नावावर ऑलिंपिकची एकूण आठ पदकं आहेत. एक १९८० च्या मॉस्कोतलं महिला हॉकीचं सुवर्ण. उरलेली सातही किर्स्टीची. हॉकीचा तो संघ सगळाच्या सगळा गोऱ्या मुलींचा होता. म्हणजे ज्या देशात गोऱ्यांची संख्या आज शंभरात एकही भरत नाही, तिथली आठच्या आठ पदकं त्या एका समूहाच्या गळ्यात. आता मेरिटवाल्यांनी सांगावं, हे रक्तात असतं का? नव्याण्णव टक्के लोकांना देवाने हातपाय कमी दिले का?

असं मानणारे होते, आणि ते काही गावंढळ नव्हते. १९८७ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या बेसबॉल क्लबचा वरिष्ठ अधिकारी अल कँपानिस टीव्हीवर बोलून गेला की काळे लोक चांगले पोहत नाहीत, कारण त्यांच्या अंगात तरंगण्याचा गुण नसतो. त्याला नोकरी सोडावी लागली, पण तो जे बोलला ते कित्येकांच्या मनात होतं. आपल्याकडे याच विचाराला 'संस्कार' म्हणतात. बुद्धी, शुद्ध उच्चार, गणिताचं डोकं, सगळं पिढीजात. शंभर पिढ्या ज्याला विहिरीच्या काठाला उभं केलं नाही, त्याच्याबद्दल एकशे एकाव्या पिढीला सांगायचं की याला पोहण्याचं अंगच नाही.

झिम्बाब्वेत तो काठ कुणी अडवला होता? तो देश तेव्हा रोडेशिया होता. १९३० च्या जमीनवाटप कायद्याने मूठभर गोऱ्यांसाठी निम्म्याहून अधिक जमीन राखून ठेवली. शहरं गोऱ्यांची, काळ्यांनी शहरात राबायचं आणि रात्री शहराबाहेरच्या वस्तीत जायचं. (आपल्या 'गावकुसाबाहेर' या शब्दासाठी त्यांच्याकडे 'टाउनशिप' हा शब्द आहे.) पोहण्याचे सार्वजनिक तलावही गोऱ्यांसाठी राखलेले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला राजधानी सॅलिसबरीतल्या तलावांचा वाद न्यायालयापर्यंत गेला. पुढे इयान स्मिथच्या राजवटीने कायदा बदलून नगरपालिकांना अधिकारच देऊन टाकला की बागा, तलाव असल्या जागा वंशाप्रमाणे वेगळ्या ठेवा. महाडचा इतिहास ज्याला पाठ आहे त्याला हे नवं वाटणार नाही. महाड नगरपालिकेने १९२४ ला ठराव करून तळं खुलं केलं, १९२७ ला आपले लोक खरोखरच पाणी प्यायले आणि ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने ठराव मागे घेतला. कागदावर खुलं असेपर्यंत कुणाची हरकत नसते, ओंजळ भरली की नगरपालिकेला कायदा आठवतो.

गोऱ्या वस्त्यांत बंगल्यामागे तलाव, गोऱ्यांच्या शाळांत तलाव, क्लबात तलाव. किर्स्टी स्वातंत्र्यानंतर तीन वर्षांनी जन्मली. भेदाचे कायदे गेले होते, तलाव मात्र होते तिथेच राहिले. कायदा रात्रीत रद्द होतो, सिमेंटचा तलाव एका वस्तीतून उचलून दुसरीत नेता येत नाही. तो मुद्दाम बांधावा लागतो.

इथे बॅकस्ट्रोकबद्दल थोडं सांगतो, कारण हा प्रकारच मुळात असा आहे की मेरिटची सगळी भाषा त्यात उघडी पडते. उताणं पोहायचं. तोंड आभाळाकडे, आपण कुठे चाललोय ते दिसत नाही. भिंतीपासून ५ मीटरवर डोक्यावरून पताकांची दोरी ताणलेली असते. पताका दिसली की हात मोजायचे, कुणाचे चार, कुणाचे पाच, आणि न बघता पालथं होऊन वळायचं. एक हात चुकला तर डोकं भिंतीवर. सुरुवात पाण्यातूनच, भिंतीवरचा दांडा धरून, आणि प्रत्येक वळणानंतर जास्तीत जास्त १५ मीटर पाण्याखालून लाथा मारत जाता येतं. हे सगळं विहिरीत शिकता येत नाही. नदीतही नाही. त्याला ५० मीटरची सरळ रेघ लागते, दोऱ्यांनी आखलेल्या ओळी लागतात, पताका लागतात आणि काठावर घड्याळ घेऊन उभा असलेला माणूस लागतो. तेही आठवड्यातून एकदा नाही, वर्षानुवर्षं रोज. धावायला रस्ता पुरतो. कुस्तीला तांबडी माती पुरते. बॅकस्ट्रोकचं मेरिट आधी कुणीतरी पैसे घालून बांधावं लागतं, मग ते पोहणाऱ्याच्या अंगात दिसतं.

आता ऑगस्ट २००८ कडे येऊ. मला वाटतं या सगळ्या गोष्टीचा गाभा तिथेच आहे.

हरारेच्या दक्षिणेला चितुंगविझा नावाचं शहर आहे. काळ्या कामगारांची वस्ती म्हणून वाढलेलं, पुढे देशातल्या मोठ्या शहरांत मोजलं जाणारं. १९९५ ला हरारेत आफ्रिकी क्रीडा स्पर्धा झाल्या तेव्हा तिथे मोठं जलतरण संकुल बांधलं गेलं. काळ्यांच्या वस्तीत ऑलिंपिकच्या मापाचा तलाव! स्वतंत्र देशाने करायला हवं होतं तेच ते होतं. स्पर्धा संपल्या, देखभालीचे पैसे आटले, तलाव कोरडा पडला. पुढे त्या संकुलात गाण्यांचे कार्यक्रम आणि प्रार्थनासभा होऊ लागल्या.

बीजिंगमध्ये किर्स्टीने विक्रम केला त्याच ऑगस्ट महिन्यात चितुंगविझात कॉलऱ्याचे पहिले रुग्ण सापडले. फुटलेली गटारं, कोरडे नळ, लोक उथळ खड्ड्यांतलं पाणी पीत होते. तिथून साथ देशभर पसरली. वर्षभरात सुमारे ९८ हजार लोकांना लागण झाली आणि चार हजारांहून अधिक माणसं मेली. विसाव्या शतकात नाही, २००८ मध्ये. महागाईचा दर तेव्हा सरकारी आकड्यांनुसारच कोट्यवधी टक्क्यांत होता. आणि रॉबर्ट मुगाबेने बीजिंगहून परतलेल्या किर्स्टीला एक लाख अमेरिकी डॉलरचं बक्षीस दिलं, देशाची सोन्यासारखी मुलगी म्हणून गौरव केला.

पाण्याच्या एका टोकाला विश्वविक्रम, दुसऱ्या टोकाला कॉलरा. मध्ये एक कोरडा तलाव.

यात किर्स्टीचा दोष नाही, हे पुन्हा सांगतो. पण व्हॉट्सअॅपवरच्या त्या मेरिटवाल्याला विचारायचं आहे की, बाबा, चितुंगविझातल्या ज्या मुलीला प्यायलाच पाणी नाही तिने कोणत्या पाण्यात मेरिट दाखवायचं होतं? ती मुलगी शर्यतीत हरली नाही. तिला शर्यतीत कुणी बोलावलंच नाही. आणि जी शर्यतीत नव्हती तिचं नाव निकालाच्या यादीत नसतं, म्हणून यादी बघणाऱ्याला सगळं न्याय्य वाटतं. आपल्या राखीव जागांवर बोट ठेवणारे नेमकी हीच यादी हातात धरून बसलेले असतात.

२००४ च्या पदकांनंतर झिम्बाब्वेत काही आईबापांनी मुलांची नावं किर्स्टीच्या पराक्रमावरून ठेवल्याच्या बातम्या छापून आल्या होत्या. एका बाळाचं नाव म्हणे 'स्विमिंगपूल'. परदेशी पत्रकारांना त्यात गंमत वाटली. मला नाही वाटली. जी गोष्ट दारात येणार नाही ती माणूस पोराच्या नावात आणतो. आपल्याकडे बॅरिस्टर, कलेक्टर, फौजदार अशी नावं कोणत्या वस्त्यांत सापडतात ते आठवून बघा.

किर्स्टी पोहायला गेली त्या ऑबर्न गावापासून शंभर किलोमीटरच्या आत माँटगोमेरी शहर आहे. हो, तेच, रोझा पार्क्सचं. १९५९ साली न्यायालयाने तिथल्या बागांमधला वर्णभेद बेकायदा ठरवला, तेव्हा शहराने काय केलं? सगळ्या बागाच बंद केल्या आणि ओक पार्कमधला पोहण्याचा तलाव मातीने बुजवून टाकला. काळ्यांसोबत पोहण्यापेक्षा कुणीच न पोहलेलं बरं. शेजारच्या मिसिसिपीत जॅक्सन शहरानेही आपले तलाव बंद करण्याचा मार्ग धरला, आणि १९७१ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ते चालवून घेतलं. युक्तिवाद असा की, सगळ्यांनाच बंद आहे ना, मग भेदभाव कुठे झाला? १९६४ ला फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीन गावात काळे-गोरे आंदोलक एका मोटेलच्या तलावात एकत्र उतरले, तर मालकाने पाण्यात आम्ल ओतलं. त्याचे फोटो आहेत, पाहा.

महाडला सनातन्यांनी १०८ घागरी पाणी उपसून शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळं 'शुद्ध' केलं होतं. कुठे शेण, कुठे आम्ल, कुठे माती. जगभरच्या सनातन्यांना पाण्याची एवढी भीती का वाटते? कारण पाण्यात अंतर ठेवता येत नाही. बसमध्ये मागची सीट देता येते, हॉटेलात वेगळी कपबशी ठेवता येते. पाण्यात उतरलं की तुझ्या अंगाला लागलेलं पाणी माझ्या अंगाला लागतं. बाबासाहेबांनी आंदोलनाची सुरुवात रस्त्याने किंवा देवळाने न करता तळ्याने केली यात हे पुरतं ओळखलेलं होतं. तळ्याचं पाणी प्यायलो नाही म्हणून आपण मेलो नव्हतो, आपण तिथे गेलो ते इतरांसारखीच माणसं आहोत हे ठरवायला, असं त्यांनी त्या परिषदेत स्पष्टच केलं होतं. आणि तो हक्क मुंबई उच्च न्यायालयात पक्का व्हायला १९३७ साल उजाडलं. एका ओंजळीला दहा वर्षं.

म्हणून 'आपला काय संबंध' म्हणणाऱ्या सहकाऱ्याला माझं उत्तर महाड हेच आहे. ज्या माणसांनी आपल्या संघटनेला अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथरवरून 'दलित पँथर' नाव दिलं, त्यांचे वारस आपण. आणि चळवळीतल्या कुणी एखाद्या बाईला केवळ ती कोणत्या कातडीत जन्मली यावरून निकालात काढावं, हे मला पटत नाही. जन्मावरून माणूस मोजायची पद्धत मनूची. ती आपण उलटी करून वापरली तरी मनूचीच राहते. किर्स्टीला तिच्या जन्माचा नाही, तिच्या पदाचा जाब विचारा.

तो मात्र विचारायलाच हवा. सप्टेंबर २०१८ पासून ती झिम्बाब्वेची क्रीडामंत्री होती. म्हणजे तलावाच्या काठावर घड्याळ घेऊन उभी राहण्याची ताकद तिच्या हातात आली. ती मंत्री झाली तेव्हा चितुंगविझाचं संकुल मोडकळीला आलेलंच होतं. तिच्याच काळात राष्ट्रीय स्टेडियम आफ्रिकी फुटबॉल संघटनेच्या निकषांत बसेना म्हणून देशाच्या संघाला 'घरचे' सामने परक्या देशात खेळावे लागले. सरकारी हस्तक्षेपावरून फिफाने २०२२ मध्ये झिम्बाब्वेला निलंबितही केलं. त्या प्रकरणात संघटनेतला भ्रष्टाचार आणि महिला पंचांचा छळ हे प्रश्न होते, ती नुसती गप्प बसली नाही, हे तिच्या बाजूने नोंदवतो. पण देशाच्या सगळ्यात मोठ्या जलतरणपटूच्या हातात क्रीडाखातं असताना काळ्यांच्या वस्तीतला तलाव हा सगळ्यात आधी सोडवायचा प्रश्न व्हायला हवा होता. तसा तो झालेला दिसला नाही. 'पहिली आफ्रिकी अध्यक्ष' ही पाटी आता जगभर मिरवली जाईल. आपल्याला पाट्यांचा अनुभव दांडगा आहे. पाटी कुणाच्या नावाची आहे एवढं बघून आपण कितीदा थांबलो, आणि आत काय चाललंय ते नंतर कळलं.

एक नाव मात्र लक्षात ठेवा. डोनाटा काताई. टोकियो ऑलिंपिकमध्ये १०० मीटर बॅकस्ट्रोक पोहलेली, ऑलिंपिकमध्ये झिम्बाब्वेचं प्रतिनिधित्व करणारी पहिली काळी जलतरणपटू. स्वातंत्र्यानंतर ४१ वर्षांनी. तीही बॅकस्ट्रोकचीच, किर्स्टीची कीर्ती ऐकत वाढलेली. त्याच टोकियोच्या आधी आंतरराष्ट्रीय जलतरण महासंघाने काळ्यांच्या दाट कुरळ्या केसांसाठी बनवलेल्या मोठ्या टोपीला मान्यता नाकारली होती. कारण काय, तर डोक्याच्या नैसर्गिक आकारात ती बसत नाही. नैसर्गिक आकार कुणाच्या डोक्याचा? पुढच्या वर्षी, २०२२ ला, ओरड झाल्यावर मान्यता दिली. टोपीसुद्धा कुणाच्या तरी मापाची असते, मित्रांनो, आणि ते माप ठरवणारा स्वतःला तटस्थ म्हणवतो.

राहिला 'खेळात कोटा नसतो' हा दावा. तो सरळसरळ खोटा आहे. ऑलिंपिकमध्ये जलतरणासाठी 'युनिव्हर्सॅलिटी'च्या जागा असतात. ज्या देशाचा खेळाडू थेट पात्रतेच्या वेळेत बसत नाही त्यालाही एका मुलाची आणि एका मुलीची जागा मिळू शकते, कारण काठाबाहेरच्यांनाही पाण्यात आणल्याशिवाय स्पर्धा जागतिक होत नाही, हे ऑलिंपिकवाल्यांना मान्य आहे. टोकियोत भारताची माना पटेल याच वाटेने बॅकस्ट्रोक पोहायला गेली, ऑलिंपिकमध्ये हा प्रकार पोहणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून. तेव्हा या ग्रुपवर कुणी 'कोट्यातली' म्हणून नाक मुरडलं नव्हतं. मुरडायला नकोच होतं. फक्त तोच न्याय नांदेडच्या मेडिकल कॉलेजातल्या मुलीला लावताना जीभ का अडखळते, एवढंच विचारतो.

आणि आपल्या महाराष्ट्रात तर उलटं आहे. इथे खेळातून कोटा मिळतो. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांच्या बातम्या वाचल्या असतील, लोक काय उगाच खोटी प्रमाणपत्रं काढतात? म्हणजे ज्याच्या शाळेत तलाव त्याला पदक, ज्याला पदक त्याला गुण आणि नोकरी. ज्याच्या वस्तीत नळाला दोन दिवसांनी पाणी, त्याने वृत्तपत्रात वाचायचं की खेळात फक्त मेरिट चालतं. पोहणं श्रीमंतांचं खूळ आहे म्हणून आपण जर हे मैदान सोडलं, तर त्या ५ टक्क्यांतला आपला वाटाही आपण होऊन सोडला.

मी स्वतः नीट पोहू शकत नाही. आमच्या गावाकडे पोहायला शिकवायचं म्हणजे पोराच्या पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा आणि विहिरीत ढकलायचं. पण ढकलायला विहीर लागते. गावात विहिरी होत्या, आमच्या वस्तीतल्या पोरांना त्यांच्या काठावर बसायची सोय नव्हती. आम्ही गावाबाहेरच्या दगडखाणीत साचलेल्या पाण्यात उतरायचो. तळ दिसायचा नाही, कड तुटलेली. माझ्या बरोबरीचा एक जण त्यातून वर आलाच नाही. त्यानंतर आईने मला पाण्याजवळ फिरकू दिलं नाही. ही जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यावी म्हटलं, तर जून २०१८ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या जामनेर तालुक्यात, वाकडी गावात मातंग समाजाची दोन अल्पवयीन मुलं एका विहिरीत पोहली म्हणून त्यांना नागवं करून मारलं गेलं. त्याचा व्हिडिओ काढला, तो राज्यभर फिरला. ती पोरं ऐन उन्हाळ्यात, कुठल्याही पदकाचा विचार न करता, नुसती पाण्यात उतरली होती. त्यांना पाण्यात उतरायचं होतं एवढाच त्यांचा गुन्हा.

तर काम सांगतो. आपापल्या महापालिकेचा किंवा नगरपरिषदेचा तलाव कुठे आहे ते बघून या. कोणत्या वस्तीत आहे, वर्षाची फी किती, सुरू आहे की 'दुरुस्तीसाठी बंद' ही पाटी लागून किती वर्षं झाली. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींच्या शासकीय निवासी शाळा तुमच्या जिल्ह्यात आहेत. तिथल्या किती मुलांना गेल्या तीन वर्षांत एकदा तरी पोहण्याचं प्रशिक्षण मिळालं, हा प्रश्न समाजकल्याण कार्यालयाला विचारा. जिल्हा क्रीडा संकुलात तलाव असेल तर त्यात या शाळांसाठी राखीव वेळ आहे का, तेही. तोंडी विचारू नका, तोंडी विचारलं की साहेब मीटिंगला जातात.

माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा, त्यामुळे तलावाचा अर्ज वेगळा आणि निवासी शाळांचा वेगळा करा, नाहीतर तेवढ्यावरून परत पाठवतील. माझे दोन्ही अर्ज सोमवारी आवक-जावकला दिले आहेत, शिक्क्याची पोच घेतली आहे. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आलं की जसंच्या तसं इथे टाकतो. तुमच्याकडचंही पाठवा.